बंद चेहऱ्याची तालीम

लाँड्रीत मास्तरांना नावाने कोणी हाक मारत नसे. नवीन आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस वाटायचं, की हे आधी कुठल्यातरी शाळेत शिकवत असणार. शाळेचा आणि त्यांचा संबंध नववीतच सुटला होता. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करणारा खोलीएवढा रोलर होता, त्यावर ते सकाळच्या पाळीला काम करायचे, गेली सत्तावीस वर्षं. एका बाजूने ओलसर चादर आत सारायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन, हात भाजेल इतकी तापून बाहेर आली की दोघांनी चार टोकं धरायची, झटकायची आणि घडी घालायची. झटकताना मास्तर उजवा हात छातीच्या वर नेत नसत. समोरचा जोडीदार ते ओळखून होता, तो आपली बाजूही तेवढीच खाली ठेवायचा. या गोष्टीवर दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता.

मास्तरकी होती ती संध्याकाळची. गोदामांच्या मागे बेसबॉलचं मैदान होतं आणि तिथल्या क्लबात मास्तर पिचर तयार करायचे. ज्याने हा खेळ पाहिला नाही त्याला एवढं सांगितलं तरी पुरे: मैदानात मातीचा एक उंचवटा असतो, त्यावर एकटा उभा राहून फलंदाजाला चेंडू फेकतो तो पिचर. संघात नऊजण असतात, पण याने चेंडू फेकेपर्यंत बाकीच्यांना नुसतं उभं राहायचं असतं. संघ जिंकला तर नऊजण जिंकतात, हरला तर पिचर हरतो. असा हा कारभार.

पिचरचा हात म्हणजे नाजूक प्रकरण. माणसाच्या हाताची ठेवण चेंडू इतक्या जोरात फेकण्यासाठी झालेलीच नाही, असं मास्तर पहिल्याच दिवशी सांगायचे. म्हणून पहिले दोन महिने चेंडू मिळायचाच नाही, टॉवेल मिळायचा. लाँड्रीतले विरलेले, बाद झालेले टॉवेल मास्तर मागून आणत. पिचरने टॉवेल हातात धरून चेंडू फेकायची सगळी हालचाल करायची, पाय उचलायचा, पुढे टाकायचा, कंबर फिरवायची, आणि समोर गुडघे टेकून बसलेल्या जोडीदाराच्या हातमोज्यावर टॉवेलचं टोक फटकन बसवायचं. कोपरावर चेंडूचा भार नाही, पण पायांपासून खांद्यापर्यंत सगळ्यांना आपापलं काम कळतं. पोरं वैतागायची. आम्ही कपडे धुवायला आलोय का, असं एकाने विचारलंच. कपडे धुणाऱ्याचा खांदा म्हातारपणापर्यंत टिकतो, तू तुझा दोन वर्षं टिकवून दाखव, असं मास्तर म्हणाले आणि त्याच्या हातात आणखी एक टॉवेल दिला.

दुसरी भानगड तांदळाची. बादलीभर तांदळात कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि आतल्या आत मूठ उघडायची, मिटायची, शंभर वेळा. त्याने मनगट आणि कोपराखालचे स्नायू लोखंडासारखे होतात. त्या बादलीकडे बघून मास्तरांची बायको हळहळायची, की एवढ्या तांदळात आमचे पंधरा दिवस निघाले असते. शिवाय कुंपणाला बांधलेल्या रबरी नळ्या होत्या, त्या ओढून खांदा तयार करायचा. आणि मोजणी होती. सरावातला, सामन्यातला, गंमत म्हणून फेकलेला, प्रत्येक चेंडू मास्तर मोजत. पंचाहत्तर झाले की चार दिवस सुट्टी, मग खुद्द राजा का सांगायला येईना.

हे सगळं थोड्याफार फरकाने इतर क्लबही करत. मास्तरांचं नाव झालं होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिला ते चेहऱ्याची तालीम म्हणायचे.

आठवड्यातून एकदा पिचरला उंचवट्यावर उभं करायचं आणि बाकीच्यांनी त्याला छळायचं. कोणी वाट्टेल ते बोलायचं, कोणी मानेवरून बर्फाचं पाणी ओतायचं. पंच झालेला माणूस मुद्दाम चुकीचा निर्णय द्यायचा. एकजण वहीतून त्या पिचरच्या मागच्या सगळ्या चुका तारीखवार वाचून दाखवायचा. हे चालू असताना त्याने चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, जाळीच्या खांबावरच्या एका लोखंडी नटाकडे बघायचं आणि चेंडू फेकायचा. राग दिसता कामा नये, लाज दिसता कामा नये, दुखणं तर मुळीच नाही. हसूसुद्धा चालायचं नाही. भुवई जरी हलली तरी पहिल्यापासून सुरू. फलंदाज चेंडू नंतर बघतो, आधी तुमचा चेहरा वाचतो, हे मास्तरांचं पालुपद होतं.

हे पालुपद आलं कुठून, ते क्लबातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. तेवीस वर्षांचे असताना मास्तर स्वतः पिचर होते, आणि चांगले होते. त्या मोसमात त्यांचा खांदा दुखत होता. एका मोठ्या सामन्यात चौथ्या डावात त्यांनी चेंडू फेकला आणि क्षणभर त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. समोरच्या फलंदाजाने ते पाहिलं, तो हसला, आणि वळून आपल्या माणसांना त्याने बोट खांद्याला लावून खूण केली. त्यानंतर मास्तरांना असं झोडपलं की डाव संपायच्या आत त्यांना खाली उतरवावं लागलं. पुढे कोणी बोलावलंच नाही. डॉक्टर म्हणाले होते, की खांद्यातली शीर कित्येक महिन्यांपासून विरत होती, वर्षभर थांबला असतात तर वाचली असती. ते बोलणं मास्तरांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे राहिलं ते त्या फलंदाजाचं हसू. घात खांद्याने केला नाही, चेहऱ्याने केला, असं त्यांनी तेव्हा ठरवून टाकलं. याला म्हणतात जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पण त्यांना हे तोंडावर सांगणारं त्या वेळी कोणी नव्हतं, आणि नंतर तर ते मास्तरच झाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालून तीस-चाळीस पिचर गेले. चेहऱ्याची तालीम सगळ्यांनी केली, पण ती ज्याच्या अंगात पूर्णपणे मुरली असा एकच निघाला, आणि तो त्यांचा सख्खा भाचा होता. क्लबात त्याला पाटी म्हणत, कारण तोंडावर एक अक्षर उमटायचं नाही. लहानपणी तो पडला की गल्ली डोक्यावर घ्यायचा. चौदाव्या वर्षी मामाकडे शिकायला आला आणि अठराव्या वर्षी असा झाला की ताकास तूर लागू देईना. त्याची आई, म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, एकदा म्हणाली होती, की दादा, याला जेवण आवडलं की नाही तेसुद्धा मला आता कळत नाही. मास्तरांना ती स्तुती वाटली.

पाटीचे वडील जहाजावर असत, वर्षातले दोन महिने घरी. त्यामुळे बहिणीची सगळी भिस्त भावावर. पाटी टायरच्या दुकानात कामाला होता. मोसम सुरू झाला की मास्तर जाऊन दुकानाच्या मालकाला हात जोडत, की याला टायर उचलायला लावू नका, गिऱ्हाइकांशी बोलायला ठेवा. मालक म्हणायचा, याला बोलायला ठेवू? गिऱ्हाईक घाबरून पळून जाईल. पण ठेवायचा. तळहातावरच्या फोडासारखा मास्तरांनी तो हात जपला होता. विसाव्या वर्षी पाटी असा चेंडू फेकायला लागला की वरच्या लीगमधल्या संघाने निरोप धाडला: अमुक रविवारच्या सामन्याला आमची दोन माणसं येतील, तुमचा पिचर बघायला.

त्या रविवारच्या आधीचा गुरुवार. पाटी मामाकडे जेवायला होता. तो गेल्यावर मास्तरांची बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, की त्याचा उजवा हात दुखतोय. तीही लाँड्रीतच होती, फाटक्या चादरींना ठिगळं लावण्याच्या खोलीत. कपडा उजेडापुढे धरून, अजून फाटला नाही पण फाटणार आहे ती जागा ती बोटाने दाखवू शकायची. पाटीने पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचलला होता, म्हणाली, आणि मिठाची बरणी उघडायला मला दिली.

मास्तर म्हणाले, की मी विचारलंय त्याला. काही नाही म्हणाला.

"तुम्हीच शिकवलंय त्याला काही नाही म्हणायला," ती म्हणाली. "आता त्याचंच उत्तर खरं मानता?"

मास्तर चिडले. त्यांनी वही काढली आणि महिन्याभराचे चेंडू तिला वाचून दाखवले. एकही दिवस मर्यादेच्या वर नव्हता. वही चूक नव्हतीच. पण हात काही वही वाचत नाही. तिने वाद घातला नाही, ताटं घेऊन आत गेली.

रविवारी ऊन होतं आणि वारा पडलेला होता. जाळीमागे ती दोन माणसं बसली, एकाच्या हातात वेग मोजायचं यंत्र, दुसऱ्याच्या मांडीवर वही. पहिले पाच डाव पाटीने असे काढले की विरुद्ध संघाच्या पाठीराख्यांनीही टाळ्या वाजवल्या. वहीवाला सारखा लिहीत होता. मास्तर चेंडू मोजत होते. तेवीसाव्या वर्षी तेही अशाच माणसांच्या समोर उभे राहणार होते आणि ते राहून गेलं होतं, हे ते कोणाला बोलले नव्हते, पण त्या दिवशी त्यांना सारखं तेच वाटत होतं.

सहाव्या डावात एकसष्टाव्या चेंडूला वेग उतरला. फार नाही, तरी मास्तरांना यंत्र लागत नव्हतं. त्रेसष्टावा चेंडू जिथे पडायला हवा त्याच्या हातभर वर गेला. मास्तरांनी पंचाला खूण केली आणि ते उंचवट्यावर चालत गेले. पाटी उभा होता, डोळे खांबाकडे, श्वास चार घेतलेला, सहा सोडलेला. तोंडावर घामाशिवाय काही नाही. मास्तरांनी विचारलं, दुखतंय का?

"नाही, मामा," पाटी म्हणाला.

मैदानावर मामा म्हणायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. मैदानावर मास्तर, घरी मामा. सहा वर्षांत पाटीकडून एकदाही चूक झाली नव्हती. त्या एका शब्दात सगळं होतं, आणि मास्तरांना ते ऐकू आलं. पोराला दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. त्यांनी जाळीकडे पाहिलं. वहीवाल्याने लिहायचं थांबवलं होतं आणि तो उंचवट्याकडे बघत होता. मास्तरांनी मनाशी म्हटलं, अजून दहा-बारा चेंडू, एवढा डाव निघाला की उतरवू. त्यांनी पाटीच्या पाठीवर थाप मारली आणि ते परत फिरले.

अडुसष्टावा चेंडू हातातून सुटला तो सरळ मागच्या जाळीवर आदळला. चेंडू झेलायला बसलेला कॅचर नंतर सांगायचा, की जाड कापड फाटावं तसा आवाज त्याला तिथवर ऐकू आला. पाटी पडला नाही, ओरडला नाही. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून तो स्वतःच्या पायांनी चालत बाकापर्यंत आला आणि म्हणाला, मास्तर, माझा हात गेला. चेहरा होता तसाच होता.

कोपराच्या आतल्या बाजूचं, हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. डॉक्टरांनी डाव्या मनगटातली एक दोरीसारखी कंडरा काढून ती उजव्या कोपरात हाडांना भोकं पाडून ओवली. असं करता येतं आणि त्यातून बरे झालेले पिचर परत खेळतातही, पण वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि शस्त्रक्रिया हा त्यातला सोपा भाग असतो. वरच्या लीगवाल्यांनी एक फुलांचा गुच्छ पाठवला. पुन्हा काही पाठवलं नाही.

मास्तरांना सगळ्यांत जड गेली ती बहीण. ती हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांच्या खांद्याला डोकं टेकून रडली आणि म्हणाली, "दादा, तू विचारलंस तरी. कॅचरने सांगितलं मला. खेळ थांबवून तू चालत गेलास आणि विचारलंस. दुसरा कोण विचारतो? माझंच पोर खोटं बोललं." मास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. खरं सांगायची ती वेळ होती. ती त्यांनी जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी क्लबातल्या लोकांनीही तेच म्हटलं, तिसऱ्या दिवशी टायरवाल्याने म्हटलं, आणि आठवड्याभरात गावभर झालं, की मास्तरांनी बिचाऱ्यांनी विचारलं होतं. मास्तरांना आता खोटं बोलण्याचीही गरज उरली नव्हती. लोक ते त्यांच्या वतीने बोलत होते.

तीन महिन्यांनी, पाटीच्या हाताला व्यायाम देणाऱ्या फिजिओबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. तिची खोली हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे लाँड्रीच्या अगदी डोक्यावर. हिरवी गादी घातलेला एक पलंग, दाराला अडकवलेली कप्पी, भिंतीवर रंगीबेरंगी रबरी पट्ट्या, आणि सांधा किती वाकला ते मोजायचा प्लास्टिकचा कोनमापक. तिने मास्तरांना बसायलाही सांगितलं नाही.

ती म्हणाली, की मी रोज हात थोडाथोडा ताणते आणि विचारते, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय. चारपर्यंत जायचं, पाचला थांबायचं, असं हे काम आहे. निम्मं मला हाताला कळतं, निम्मं पेशंटने सांगायचं असतं. आणि हा रोज शून्य सांगतो. घाम फुटतो, पायाची बोटं आवळतात, आणि शून्य. गेल्या आठवड्यात मी त्याच्या शून्यावर विश्वास ठेवला आणि संध्याकाळी कोपर सुजून एवढं झालं. नवी कंडरा पुन्हा तुटली तर पुढे जोडायला फारसं काही हातात राहत नाही. चेंडूचं विसरा, त्याला भरलेली पिशवी उचलता येणार नाही.

"कोणी शिकवलंय हो याला हे?" तिने विचारलं. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

मास्तरांनी आपल्या परीने सगळे उपाय करून पाहिले. पाटीला समोर बसवून हुकूम केला, की बाई विचारतील ते खरं सांगायचं. तो हो मास्तर म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी शून्य सांगून आला. पालथ्या घड्यावर पाणी. तालीम उलटी करून पाहिली, म्हटलं आता चेहऱ्यावर दाखवशील तेवढे गुण. पाटीने आज्ञाधारकपणे भुवया वर-खाली केल्या, ते बघून मास्तरांनाच भरून आलं. मग एकदा ते म्हणाले, की माझा खांदा तीस वर्षं दुखतोय, हे मी आज पहिल्यांदा तोंडाने बोलतोय. पाटी म्हणाला, मला माहीत आहे, लाँड्रीत सगळ्यांनाच माहीत आहे.

घरी त्यांनी बायकोला हे सांगितलं. ती उसवलेल्या उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. तिने हातातला टाका पुरा केला. मग म्हणाली, की त्याला काय शिकवायचं ते राहू द्या. तुम्ही त्या दिवशी उंचवट्यावर त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होतात. जोडीदाराची कंबर धरली तर चादरीच्या दुसऱ्या टोकाला तुम्हाला कळतं. भाच्याचा हात कळला नाही?

तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "मला नका सांगू. त्याला सांगा. तो तुमचीच वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर मास्तर हात-तोंड धुऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. रोलरसमोर उभे असताना त्यांना वाटलं होतं, की कसं बोलायचं ते जिन्यात ठरवू. जिना संपला आणि काही ठरलं नव्हतं. पाटी पलंगावर उताणा पडला होता. फिजिओबाईंनी एका हाताने त्याचा दंड धरला होता, दुसऱ्या हाताने मनगट, आणि ती कोपर हळूहळू सरळ करत होती. किती, तिने विचारलं. शून्य, तो म्हणाला. त्याच्या कानामागून घामाचा ओघळ उशीवर उतरत होता.

"मला कळलं होतं," मास्तर म्हणाले.

बाईंना वाटलं आपल्याशीच बोलतायत. पाटीने मान वळवली.

"उंचवट्यावर. तू नाही म्हणालास, पण मला मामा म्हणालास. तेव्हाच कळलं, की तुला दुखतंय. उतरवायला हवं होतं. मी जाळीकडे बघितलं. तो माणूस लिहायचा थांबला होता. मला वाटलं, आत्ता उतरवला तर तो वही मिटेल. म्हणून तुला तिथे ठेवला मी. सगळीकडे सांगतात ना, मामाने विचारलं होतं म्हणून. मी विचारलं, मला उत्तर मिळालं, आणि मी परत फिरलो."

बाईंचे हात होते तिथेच थांबले होते. पाटी छताकडे बघू लागला. मास्तरांना दिसलं, की तो चार मोजत श्वास घेतोय. घेतला. पण तो सोडताना सहापर्यंत पोचला नाही, मधेच तुटला, आणि हनुवटी थरथरायला लागली.

"मी मुद्दाम म्हणालो होतो मामा," तो म्हणाला. "दुखतंय असं तोंडातून निघतच नव्हतं माझ्या. मला वाटलं, तुम्हाला तेवढ्यावर कळेल."

"कळलं."

"म्हणजे तुम्हाला कळलं आणि तुम्ही पाठीवर थाप मारलीत?"

मास्तर हो म्हणाले.

सहा वर्षांत जो चेहरा त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला होता, तो त्यांच्या डोळ्यांदेखत उघडला. त्यावर प्रेम नव्हतं, क्षमा तर नव्हतीच. इतका निखळ राग त्यांनी त्या चेहऱ्यावर, किंवा कुठल्याच चेहऱ्यावर, स्वतःसाठी कधी पाहिला नव्हता. "तुम्ही जा इथून," पाटी म्हणाला. "मला तुमचं तोंड बघायचं नाही. जा."

मास्तर बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दार नीट लागलं नव्हतं. आत बाई हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या, पलंग करकरला, मग तिने विचारलं, किती. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. "सात," पाटी ओरडला. "सात. थांबवा. दुखतंय मला." आणि त्यापुढे तो लहानपणी रडायचा तसा मोठमोठ्याने रडायला लागला, श्वास मोजायचं विसरून. थांबले, बाई म्हणत होत्या, हे बघ, थांबले मी.

मास्तरांना आत जावंसं वाटलं. त्यांना जा म्हटलं होतं, म्हणून ते गेले नाहीत.

तेवढ्यात जिन्यातून बहीण वर आली. रोज ती या वेळेला मुलाला घेऊन जायला यायची. आतला आवाज ऐकून ती जागच्या जागी थांबली. तिने सहा वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता आणि आधी तिला तो ओळखूच आला नाही. ओळखला तशी ती दाराकडे धावली. मास्तरांनी तिचं मनगट धरलं.

"आत जाशीलच. त्याआधी माझं ऐक," ते म्हणाले. "त्या दिवशी पोर खोटं बोललं असं तू म्हणालीस. तो खोटं बोलला नव्हता."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. गुरुवारी बायको काय म्हणाली होती तिथपासून थाप मारली तिथपर्यंत, काही न गाळता. सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते त्यांना कळलं नाही, आणि त्यांनी तो आवरायचा प्रयत्नही केला नाही. बहिणीने पूर्ण ऐकून घेतलं. मग तिने आपलं मनगट त्यांच्या हातातून सोडवून घेतलं, ती आत गेली, आणि तिने दार नीट लावून घेतलं.